कमांडर मॅडमचं सोसायटी ट्रेनिंग: आमचा अनुभव, खर्च, वेळ सगळं

सोसायटीच्या कमिटीत असाल तर हे पूर्ण वाचा प्लीज, मोठं झालंय पण मी काही गाळलेलं नाही, कारण आगीच्या बंदोबस्तावर आम्ही आधी एकदा पैसे घालवलेत आणि त्याची किंमत आमच्या सासूबाईंनी मोजलीय.

आम्ही कुर्ला पूर्व, नेहरूनगरचे. जुनी म्हाडाची बिल्डिंग पाडून झालेली सात मजली, ४२ फ्लॅट, एक लिफ्ट, एकच जिना, मीटर रूम तळमजल्यावर जिन्याच्या बाजूला. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री साडेनवाच्या सुमाराला मीटर रूममधून धूर यायला लागला. वॉचमन काकांनी भिंतीवरचं आग विझवायचं लाल सिलेंडर काढलं, दांडा दाबला, काहीच नाही. दुसरं काढलं, त्यातून जरासं फुस्स झालं आणि संपलं. स्टिकर दोन्हीवर ताजे होते! एका कंपनीचा माणूस दरवर्षी यायचा, स्टिकर बदलायचा, बिल द्यायचा, आम्ही चेक फाडायचो, आणि त्या काट्याकडे (प्रेशर दाखवतो तो) बघायचं असतं हे ४२ घरांत एकालाही माहीत नव्हतं. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या एका दादांनी बाहेरचा मेन बंद केला आणि काकांनी रांगोळीच्या दुकानवाल्याकडची वाळू आणून टाकली म्हणून भागलं. पण तोपर्यंत धूर जिन्यातून वर चढला होता आणि गच्चीच्या दाराला कुलूप, चावी ज्यांच्याकडे ते गावाला. धुराला वर जायला वाटच नाही, तो वरच्या दोन मजल्यांवर तुंबून बसला. माझ्या सासूबाई सहाव्या मजल्यावर एकट्या होत्या, त्या घाबरून दार उघडून जिन्यात आल्या आणि धुरात अडकल्या, वीस मिनिटं. दोन रात्री हॉस्पिटलमध्ये काढल्या आम्ही. आता बऱ्या आहेत, पण अजून कुठं उदबत्तीचा धूर जास्त झाला तरी उठून खिडकी उघडतात.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये नेहमीसारखी भांडणं झाली, मग कोणीतरी म्हणालं की पलीकडच्या गल्लीत एक नेव्हीतल्या मॅडम आहेत, त्या सोसायट्यांना आग आणि पाणी दोन्हीचं ट्रेनिंग देतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडत नाही आणि आमच्या भागात कमांडर मॅडम म्हटलं की रिक्षावालासुद्धा घर दाखवतो.

मॅडमविषयी आधी सांगते, म्हणजे ट्रेनिंग असं का आहे ते कळेल. वडील माझगाव डॉकला फिटर, शिक्षण मराठी शाळेत, इथंच वाढलेल्या. आपल्या नेव्हीने बायकांना डॉक्टर सोडून इतर कामांसाठी ऑफिसर म्हणून पहिल्यांदा घेतलं ते १९९२ मध्ये, तेही मोजक्याच शाखांत, शिक्षण, कायदा, लॉजिस्टिक्स अशा. मॅडम त्यानंतर तीनेक वर्षांनी गेल्या, लॉजिस्टिक्सला. तेव्हा अकादमी केरळात एळिमलाला नव्हती, गोव्यात होती. लॉजिस्टिक्स म्हणजे जहाजाला लागणारं सगळं, स्पेअर पार्टपासून डाळतांदळापर्यंत आणि पगारापर्यंत. त्यांचा एक शब्द आहे, व्हिक्चुअलिंग, म्हणजे माणसांच्या खाण्यापिण्याची तजवीज, तो त्या अजून वापरतात, लॉकडाऊनमध्ये आमच्या भागाने तो शब्द पाठ केला, त्यावर खाली येते.

१४ वर्षं नोकरी केली, कमांडरच्या तीन पट्ट्या खांद्यावर आल्या आणि मग घरी. निवृत्त म्हणायचं नाही हं, मी एकदा म्हटलं तर लगेच दुरुस्त केलं, "निवृत्त नाही गं, रिलीज्ड." शॉर्ट सर्व्हिस कमिशन असल्यामुळे १४ वर्षांपुढं राहता येत नव्हतं, आणि पेन्शनला २० वर्षं लागतात म्हणून पेन्शनही नाही. बरोबरीच्या पुरुषांना पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, मिळू शकत होतं, यांना नाही. २००८ मध्ये काही शाखांमध्ये बायकांना ते उघडलं पण पुढं येणाऱ्यांसाठी, आधीच आत असलेल्यांसाठी नाही. शेवटी १७ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने (न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी) लेफ्टनंट कमांडर अ‍ॅनी नागराजा यांच्या केसमध्ये सांगितलं की नेव्हीतल्या बायकांनाही पर्मनंट कमिशनचा समान हक्क आहे, लढाऊ जहाजांवर बायकांना राहायची सोय नाही वगैरे कारणं चालणार नाहीत. मॅडमना तोवर बाहेर पडून अकरा वर्षं झालेली. मला हे ऐकून इतका राग आला, म्हणजे एका माणसाला १४ वर्षं घडवायचं, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर पाठवून आग आणि पाणी शिकवायचं, आणि काम यायला लागलं की सांगायचं की या आता. मॅडम स्वतः एवढंच म्हणाल्या की निकाल आला त्या दिवशी बॅचच्या ग्रुपवर कोणी काही लिहिलंच नाही तासभर, मग एकीने नुसता युनिफॉर्ममधला जुना फोटो टाकला.

आता ट्रेनिंग.

रविवारी सकाळी ८ म्हणजे ८. ८ वाजून ५ मिनिटांनी जी मंडळी चहाचा कप घेऊन खाली आली त्यांना मागं उभं राहायला लागलं. पहिला अर्धा तास कोणाला काही शिकवलं नाही, सगळ्यांना घेऊन त्या फक्त बिल्डिंग फिरल्या, गच्चीपासून खाली मीटर रूमपर्यंत, हातात वही. प्रत्येक मजल्यावर थांबून विचारायच्या, हे काय आहे? चपलांचं रॅक. हे? जुना कूलर. हे? तुळशीची कुंडी, मॅडम. "कुंडी राहू दे पण भिंतीला लावा, अंधारात धुरामधे माणूस भिंतीला हात लावून उतरतो." हे मी कधी आयुष्यात विचार केलेला नव्हता. वहीत लिहून झालं की त्याला त्या डिफेक्ट लिस्ट म्हणतात. जहाज दुरुस्तीला जायच्या आधी त्यावरचे लोक अशीच यादी करतात म्हणे, खिळ्यापासून इंजिनापर्यंत. आमची ३१ कलमांची निघाली, आणि आम्ही स्वतःला चांगली सोसायटी समजत होतो.

मग खाली कंपाऊंडमध्ये. पहिली गोष्ट शिकवली ती ओरडायची. खरंच. जहाजावर आग ज्याला दिसते त्यानेच ओरडायचं, साहेबाला शोधत फिरायचं नाही, आणि ओरडताना जागा सांगायची. आमच्याकडून म्हणून घेतलं, "आग आग आग, तळमजला, मीटर रूम!" तीनदा आग आणि लगेच ठिकाण. पाडव्याच्या रात्री सगळे नुसतं "अरे धूर धूर" करत होते आणि वरच्यांना कळतच नव्हतं खाली आहे की वर आहे, त्यामुळे अर्धे लोक चुकीच्या दिशेला पळाले. सासूबाईसुद्धा म्हणूनच बाहेर आल्या. त्यांना कोणी "तळमजला" म्हटलेलं ऐकू आलं असतं तर त्या दार लावून, फटीत ओला टॉवेल कोंबून, गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या असत्या, जे मॅडमनी नंतर शिकवलं.

सिलेंडर प्रत्यक्ष वापरायला दिले, आणि इथं एक टिप घ्या, खूप कामाची आहे. सिलेंडर रिफिलला द्यायच्या आदल्या रविवारी ट्रेनिंग ठेवा. तसंही आतली पावडर काढून नवीन भरायचीच असते, मग ती अशीच वाया न घालवता लोकांना हात साफ करायला वापरायची. आमच्याकडे ९ सिलेंडर होते, ९ जणांनी उडवले, त्यात पाच बायका. एका पत्र्याच्या घमेल्यात आग करून दिली होती. चार प पाठ करून घेतले: पिन काढा, पायाशी नेम धरा (आगीच्या, ज्वाळेवर नाही), पकड दाबा, पंख्यासारखं इकडून तिकडं फिरवा. ६ किलोचा सिलेंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो हे कोणालाच माहीत नव्हतं, सगळ्यांना वाटायचं पाच-दहा मिनिटं चालत असेल. पंधरा सेकंदांत नाही विझली तर पाठ न फिरवता मागं सरकत बाहेर या आणि दार लावून घ्या, १०१ ला फोन आधीच गेलेला असला पाहिजे. फोन करणारा माणूस वेगळा, विझवणारा वेगळा, गेटवर बंबाला रस्ता मोकळा करणारा वेगळा.

गॅसवर बराच वेळ दिला आणि तो द्यायलाच पाहिजे. आमच्याकडे अर्ध्या घरांत सिलेंडर, अर्ध्यांत पाइपचा गॅस. दोन्ही गॅस वेगळे वागतात. सिलेंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीशी बसतो, ओट्याखाली साठतो. पाइपचा हलका, तो वर छताकडे जातो. त्यामुळे वास आला की खिडकी तर उघडायचीच पण सिलेंडरवाल्यांनी दार पण उघडायचं, खालून निघून जायला. दिव्याचं बटण ना लावायचं ना बंद करायचं, एक्झॉस्टचं तर नाहीच. एलपीजी गळतीसाठी १९०६ नंबर. हे सगळं आपण पन्नास वेळा वाचलेलं असतं, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना मॅडमनी डोळे मिटायला लावून त्यांच्याच स्वयंपाकघरात रेग्युलेटर बंद करायला लावला तेव्हा आजींना जमेना, कारण तो रोज सूनच लावते. आता आजी रोज रात्री स्वतः बंद करतात.

पाऊण तासाने चहा झाला आणि मग त्यांनी १४ एप्रिल १९४४ सांगितलं. मुंबईतल्या शाळेत शिकलेल्या माझ्यासारखीला गोदीतला स्फोट एवढे दोनच शब्द माहीत. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज, त्यात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. दुपारी दोनच्या आसपास आग लक्षात आली. पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी, दुसरा अर्ध्या तासात. मधल्या दोन तासांत जहाज बुडवून टाकायचं, बाहेर न्यायचं की तिथंच पाणी मारत राहायचं याचा निर्णयच झाला नाही, कारण शेवटचा शब्द कोणाचा ते कोणाला ठाऊक नव्हतं. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले, त्यांच्यासाठीच दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन दिन असतो. मॅडम हे सांगताना आवाज चढवत नाहीत, त्या फक्त विचारतात, तुमच्या बिल्डिंगमध्ये पाडव्याला शेवटचा शब्द कोणाचा होता? सेक्रेटरी आणि चेअरमन एकमेकांकडे बघत होते.

त्यातून आला आमचा क्वार्टर बिल. जहाजावर वॉच अँड क्वार्टर बिल नावाचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक माणसाचं नाव आणि आग लागली तर तो कुठं, हल्ला झाला तर कुठं, जहाज सोडायची वेळ आली तर कुठल्या बोटीत, सगळं लिहिलेलं. आमचा तक्ता आता लिफ्टच्या बाजूला लावलाय, मोठ्या कागदावर, मराठीत. मेन स्विच कोण, गच्चीची चावी कोण (दोन चाव्या, एक कायम वॉचमनकडे), चालता न येणाऱ्यांना कोण, फोन कोण, माणसं मोजणार कोण. प्रत्येक कामाला दोन नावं, एक गावाला गेला तर दुसरा. शेवटचा शब्द कोणाचा हे सगळ्यात वर. आमच्याकडे ते नाव चेअरमनचं नाहीये, पहिल्या मजल्यावरच्या त्या दादांचं आहे ज्यांनी पाडव्याला मेन बंद केला, आणि चेअरमनने स्वतःच ते सुचवलं, त्यासाठी त्यांना मानलं मी.

एक अजून शब्द शिकलो, बाउंडरी कूलिंग. जहाजाच्या एका कप्प्यात आग असेल तर त्याच्या सहाही बाजूंच्या भिंती बाहेरून थंड ठेवायला लागतात, नाहीतर पत्रा तापून शेजारच्या कप्प्यातलं सामान पेटतं. आपल्याकडे विटांची भिंत आहे तरी डक्टमधून आणि वायरीच्या शाफ्टमधून आग वर जाते, म्हणून शाफ्टमध्ये ठेवलेले पुठ्ठ्यांचे खोके त्यांनी त्याच दिवशी काढायला लावले. आणि विझवायला मारलेलं पाणी पण कुठंतरी जातं, याकडे कोणी बघत नाही म्हणाल्या. २१ जुलै २०२४ ला मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये आयएनएस ब्रह्मपुत्राला आग लागली, आग आटोक्यात आली पण जहाज एका कुशीवर कललं, एक नौसैनिक गेला. त्या घटनेचं कारण वगैरे त्या बोलल्या नाहीत, एवढंच सांगितलं की जहाजात साठलेलं पाणी एका बाजूला सरकलं की तेच जहाजाला ओढतं, म्हणून आग विझवतानाच पाणी उपसायचं हा पहिल्या दिवशीचा धडा असतो. आमच्या बाबतीत ते पाणी लिफ्टच्या खड्ड्यात जाणार. पंप आहे का? आहे. चालतो का? कलम २७.

दुसरा भाग पावसाचा, तो जूनमध्ये वेगळ्या रविवारी झाला, आणि खरं सांगते आमच्यासाठी हाच जास्त महत्त्वाचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मिठी नदी आमच्यापासून काही लांब नाही, माझे मिस्टर त्या रात्री एलबीएस रोडवर छातीएवढ्या पाण्यातून आलेले आहेत. मॅडमनी पावसाचं गणित सोपं करून सांगितलं. शहराची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, नंतर ब्रिमस्टोवॅड या पावसाचं पाणी वाहून नेण्याच्या प्रकल्पात ५० चं उद्दिष्ट ठेवलं. त्याहून जास्त पाऊस पडला की पाणी साचणारच. त्यात समुद्राला मोठी भरती असेल तर पाणी बाहेर पडायला जागा नाही, उलट आत येतं. म्हणून नुसता पावसाचा अंदाज बघू नका, भरतीची वेळ बघा. त्यांनी भरतीचं वेळापत्रक काढून दाखवलं, साडेचार मीटरच्या वरच्या सगळ्या तारखा लाल पेनने.

आणि इथं माझ्या सासूबाई बोलल्या. त्या मुरूडजवळच्या गावच्या, वडील होडीवर. त्या म्हणाल्या, "कागद कशाला बाई, तिथीची पाऊणपट करायची." म्हणजे चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. मॅडम थांबल्या, कागद बघितला, त्या दिवशीची तिथी विचारली, हिशोब केला, थोड्याच मिनिटांचा फरक. मग त्यांनी काय केलं तर स्वतःची खुर्ची सासूबाईंना दिली आणि म्हणाल्या, "काकू, हे आता तुम्ही शिकवा." ज्या बाईंना आठ महिने घराबाहेर पडायचं धाडस होत नव्हतं त्या चाळीस लोकांसमोर बसून अमावस्या, पौर्णिमेला उधाण का असतं आणि अष्टमीला भांग (कमी भरती) का असतो ते सांगत होत्या. क्वार्टर बिलवर आता एक ओळ आहे, भरती बघणे, आणि त्याच्यापुढं सासूबाईंचं नाव.

आता हे सगळं एक माणूस कशासाठी करतो. नेव्ही सुटल्यावर त्यांनी एका मालवाहतूक कंपनीत नोकरी केली, पण गल्लीत आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात नाला तुंबला आणि त्यांनी वही काढली. महापालिकेची प्रगत परिसर व्यवस्थापनाची, म्हणजे एएलएमची योजना (रहिवाशांनीच आपल्या गल्लीकडे लक्ष द्यायची) १९९७ पासून आहे, घाटकोपरच्या जोशी लेनने ती नावारूपाला आणली, पण आमच्याकडे ती कागदावर होती. मॅडमनी आधी एक गल्ली, मग दुसरी असं करत अकरा सोसायट्यांची समिती केली. दर फेब्रुवारीत वॉर्डाची डिफेक्ट लिस्ट निघते, नाल्याचं तोंड, फुटलेलं झाकण, बंद दिवा, तारखेसकट फोटो, आणि ती एल वॉर्डच्या ऑफिसात जाते, कारण नालेसफाई मे अखेरपर्यंत व्हायची असते आणि मेमध्ये तक्रार केली तर उशीर झालेला असतो. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नावाजलेले डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, तेव्हापासून आमच्या पट्ट्यातलं प्रत्येक मॅनहोल त्या स्वतः बघतात, झाकणाखाली जाळी आहे की नाही. पाणी साचलं की झाकण काढायचं नाही, १९१६ ला फोन करायचा, हे आमच्या मुलांनासुद्धा तोंडपाठ आहे.

त्यांना सोपं गेलं असं नाही. एका सरकारी ऑफिसात त्या लिस्ट घेऊन गेल्या तर समोरच्याने विचारलं, "साहेब आले नाहीत का?" कमांडरचं पत्र आहे म्हटल्यावर त्याने पुरुषच धरला होता. मॅडम म्हणाल्या मीच. तर म्हणे मग नेव्हीत तुम्ही नक्की काय करायचात, ऑफिसमध्ये होतात ना? बरोबर गेलेल्या आमच्या शेजारणीने हे सांगितलं, मॅडमनी कधी नाही. त्या दर सोमवारी जात राहिल्या, सात सोमवार.

लॉकडाऊनमध्ये तर त्यांनी सगळ्या भागाला जेवू घातलं असं म्हटलं तरी चालेल. कोर्टाचा निकाल लागला त्यानंतर आठवड्याभरात सगळं बंद झालं. समितीच्या हॉलमध्ये व्हिक्चुअलिंगचं टेबल लागलं, कोणत्या घरात किती माणसं, कोणाला डायबेटिस, कुठं तान्हं बाळ, कोणाची रोजंदारी गेलीय, सगळं रजिस्टरमध्ये, आणि एका माणसाला दिवसाला किती तांदूळ, किती डाळ, किती तेल लागतं याचं माप त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. वाटायला पोरं होती, पण रांग लावायची नाही हा नियम मॅडमचा, पिशवी दारात, कारण रांगेत उभं राहायला माणसाला लाज वाटते आणि मग ज्याला खरी गरज तोच येत नाही.

७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं तर नगरसेवकच नव्हता कोणाला, त्या काळात अख्खा पट्टा गाऱ्हाणी घेऊन यांच्याच दारात. निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, तुम्ही उभ्या राहा असं दर चार दिवसांनी कोणीतरी सांगतं. माझंही तेच मत आहे आणि मी ते तोंडावर सांगितलंय. त्या नाही म्हणत नाहीत, हो पण म्हणत नाहीत.

ब्रेकमध्ये मुली त्यांना सोडत नाहीत. त्यांना प्रेरणा देवस्थळी यांचं ऐकायचं असतं, युद्धनौकेची कमांड हातात घेणाऱ्या आपल्या नेव्हीतल्या पहिल्या बाई, आयएनएस त्रिंकट, २०२३ ची गोष्ट. नाहीतर तारिणी या नेव्हीच्या शिडाच्या बोटीचं, सहा जणी गोव्याहून निघाल्या सप्टेंबर २०१७ ला आणि २५४ दिवसांनी मे २०१८ मध्ये पृथ्वीला वळसा घालून गोव्यात परत. माझी मुलगी आठवीत आहे, तिने विचारलं तुम्हाला का नाही पाठवलं? मॅडम म्हणाल्या, "आमच्या वेळी शिडी लावायचं काम होतं." आणि लगेच पुढचं ड्रिल सुरू केलं.

आता कमी काय ते. चार तास सलग फार होतात, ज्येष्ठांसाठी खुर्च्या आणि पाणी आधीच मांडून ठेवा, आम्ही ठेवलं नव्हतं आणि दोन आजोबा उठून गेले. माइक लागतोच, त्यांचा आवाज कंपाऊंडच्या टोकाला पोचत नाही. छापील काही देत नाहीत, सगळं वहीत लिहून घ्या म्हणतात, निदान एक पानाची मराठी चिठ्ठी हवी, मी ती करून देणार आहे. नेव्हीचे शब्द एकदा सांगतात आणि पुढं आपल्याला कळले असं धरून चालतात. उशिरा येणाऱ्याला दारातून परत पाठवत नाहीत, पण त्याला सिलेंडर हातात मिळत नाही, यावरून आमच्याकडे एकजण रुसलाय अजून.

आणि एक नीट समजून घ्या. हे ट्रेनिंग म्हणजे फायरचं सर्टिफिकेट नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा तपासून फॉर्म बी द्यावाच लागतो. मॅडम ते देत नाहीत आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतात. पण ती एजन्सी आली की तिच्याकडून काय काय उघडून, चालवून दाखवून घ्यायचं ते शिकवतात. या जानेवारीत आमच्याकडे नवीन एजन्सीचा माणूस आला तेव्हा आम्ही कमिटीच्या दोघींनी फक्त शेजाऱ्यांकडून ऐकून काटा बघायला मागितला होता. आता जुलैमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्याला प्रत्येक सिलेंडर वजनकाट्यावर ठेवायला लावला, रायझरला (आग विझवायच्या पाण्याच्या उभ्या पाइपला) पाणी सोडून सातव्या मजल्यावर प्रेशर बघितलं आणि मगच सही केली.

खर्च: दोन्ही रविवार मिळून ४००० रुपये, ते त्यांच्या खात्यात नाही, समितीच्या खात्यात जातात, त्यातून पंप आणि दोऱ्या घेतल्या जातात. रिफिलचा खर्च आपला वेगळा. पन्नासच्या वर माणसं घेत नाहीत, मोठी सोसायटी असेल तर विंगप्रमाणे दोनदा. फक्त रविवार. एप्रिल-मेच्या तारखा फेब्रुवारीतच भरतात. कुर्ला, चेंबूर, टिळकनगरपर्यंत येतात, त्यापुढं विचारून बघा.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या चार तासांचा कापला.

पुढचं ड्रिल न सांगता होणार आहे, एवढंच कळलंय की ४ डिसेंबरच्या, नेव्ही डेच्या आसपास, आणि बहुतेक रात्री. गच्चीचं दार मी रोज झोपायच्या आधी बघून येते. परवा गेले तर सासूबाई आधीच वर होत्या, कडी काढून लावून बघत होत्या, सहज उघडते का ते.